पाच वाजता अडणारं नेट

"माणूस माझ्यासमोर येऊन बसला की तो काय जेवला, कुठून आला आणि कोणाला फसवून आला, हे त्यानं चप्पल काढायच्या आत मला कलतं," असं हिरामण तरे स्वतःबद्दल सांगत. हे सांगताना समोर बहुधा त्यांचा मेव्हणा सागर बसलेला असे. सागर काय जेवला हे त्यांना ओळखता येई यात नवल नव्हतं, कारण दोघंही हिरामणच्या बायकोच्या, म्हणजे सागरच्या बहिणीच्या, हौसाच्या हातचं तेच सुकट खाऊन घरून निघालेले असत.

हिरामण तऱ्यांची वडप्याची शेतं गोदामांखाली गेली आणि भाडं दर महिन्याला न चुकता येऊ लागलं. भात लावायचं नाही, कापायचं नाही. बाकीचे जमीनमालक अशा वेळी राजकारणात जातात. सागरचे हे भावजी तपासात गेले. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ त्यांची तीन मजली इमारत होती, तिच्या तळमजल्यावर त्यांनी ऑफिस थाटलं आणि पाटी लावली: 'हिरामण तरे, गुप्तहेर. वर खोली भाड्याने मिळेल.'

"भावजी, गुप्तहेर पाटी लावतात का?" सागरनं तेव्हा विचारलं होतं.

"पाटी न्हाय लावली तर मी गुप्त हाय हे लोकांना कलनार कसं?"

सागर गाडी चालवायचा, भाडी गोळा करायचा आणि उरलेल्या वेळात सहायक असायचा. आजवर त्यांनी एकच प्रकरण निकालात काढलं होतं. त्यातली शेळी आपली आपण घरी आली होती.

बुधवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू धम्मदिना ऑफिसात आली. ती घरी बसून मुलांना ऑनलाइन भौतिकशास्त्र शिकवायची. नवरा मिलिंद वडप्याला गोदामात शिफ्टवर असायचा, सासू द्रौपदीबाई घरी असायच्या. ती या महिन्याचं भाडं द्यायला आली होती. "आणखी काही?" एवढं सागरनं सवयीनं विचारलं आणि तिनं खरंच सांगितलं.

"नेट अडतंय हो. मी बोलते ते मुलांना उशिरा पोचतं. मुलगा शंका विचारतो, मी उत्तर देते, तोवर तो पुढची शंका विचारून बसलेला असतो. त्याला वाटतं टीचरला येत नाही."

भावजी खुर्चीत सरळ झाले. "कदीपासून?"

"दोनेक महिने. तेही संध्याकाळी, पाचच्या पुढे. सकाळी एकदम छान चालतं. कंपनीचा यादव सकाळी येतो, मोजतो, लाइन ओके म्हणतो आणि जातो. काका, रविवारी पाचला माझा डेमो क्लास आहे. पुण्याच्या कंपनीत घरूनच शिकवायची कायमची नोकरी आहे. पहिला डेमो असाच अडला म्हणून त्यांनी दुसरी संधी दिली. तिसरी देणार नाहीत. मग मला पुन्हा ठाण्याचे क्लास धरावे लागतील. आधी करत होते, जाण्यायेण्यात दिवस संपायचा."

"रविवारच्या आत गुन्हेगार तुमच्या पायाशी," भावजी म्हणाले.

"गुन्हेगार नको, नेट हवंय," धम्मदिना म्हणाली. "मी आज वायफायचा पासवर्ड बदलून बघणारच होते. आमच्या आई मागेल त्याला पासवर्ड देतात. विरजण दिल्यासारखा."

भावजींनी हात वर केला. "खबरदार. पासवर्ड बदलला तर चोर सावध व्हईल. मासा गलाला लागेपर्यंत पानी हलवायचं न्हाय."

धम्मदिनानं सागरकडे पाहिलं. सागरनं छताकडे पाहिलं. तिनं घरी जाऊन सासूला विचारलं तेव्हा द्रौपदीबाई म्हणाल्या, "घरमालक एवढ्या हौसेनं सांगतायत तर राहू दे चार दिवस. घर चांगलं आहे." अशा रीतीनं या प्रकरणातला एकमेव शहाणा उपाय पहिल्याच दिवशी बाद झाला.

भावजींचा पहिला संशय लूमवर गेला. इमारतीला खेटून यंत्रमागाची शेड होती आणि तिच्या खटखटीनं दुसऱ्या मजल्यावरची भांडीसुद्धा मांडणीवरून पुढे सरकत.

"फायबरच्या वायरीत काय असतं, सागर?"

"प्रकाश असतो म्हणतात."

"बराबर. आता तुला कोनी दिवसभर असं गदागदा हलवलं तर तू सरल चालशील? प्रकाशाला चक्कर येते."

"मग चक्कर सकाळी का येत नाही? लूम तर सकाळीपण चालू असतात."

"सकाली तो ताजा असतो."

शेडवर नजर ठेवायला भावजींनी खिडकीत एक कॅमेरा बसवून घेतला. कॅमेऱ्यांची त्यांना आवड होती. जिन्यात पान खाऊन थुंकणारा पकडायला एक दोनेक महिन्यांपूर्वीच लावलेला होता. रोज पाच वाजता चहा आला की ते ऑफिसात बसून मोबाइलवर जिना बघत. थुंकणारा काही सापडला नव्हता, पण कोण किती वेळा खाली उतरतं याची त्यांना मोठी माहिती झाली होती. शुक्रवारी लूमना सुट्टी. शेड गपगार, भांडी जागच्या जागी, आणि पाच वाजता धम्मदिनाचं नेट नेहमीपेक्षा जास्त अडलं.

"म्हंजे लूम निर्दोष," भावजींनी जाहीर केलं. "आपन त्याला सोडून दिलं."

दुसरा संशय यादववर. यादव कंपनीचा माणूस, उत्तर प्रदेशातून आलेला, पाठीवर बॅग आणि कानात कायम एक फोन.

"गुन्हेगार घटनास्थली परत परत येतो," भावजी म्हणाले. "हा किती वेला आला?"

"भावजी, तो बोलावलं म्हणून येतो."

"बगितलंस? बोलवायला लावतो."

यादवला ऑफिसात बसवून उलटतपासणी झाली.

"शाम को पाच बजे तुम किधर होता है?"

"शेठ, पाच बजे दस कस्टमर का फोन कान पे होता है. मैं किधर भी होता हूँ, गाली खाता हूँ." यादवनं चहा संपवला. "डाउनलोड एकदम मस्त है मॅडम का. मैंने खुद चेक किया."

"हे 'खुद चेक किया' फार घाईत बोलला," तो गेल्यावर भावजी म्हणाले, आणि इमारतीत वायर शिरते त्या डब्यावर तिसरा कॅमेरा बसला.

शनिवारी संध्याकाळी धम्मदिनाचा चेहरा स्क्रीनवर तोंड उघडलेल्या अवस्थेत इतका वेळ थांबला की एका मुलानं तिला विचारलं, टीचर, जांभई देताय का.

मग भावजींनी आवाज खाली आणून तिसरं नाव घेतलं. "सासू."

सागरनं त्यांना जिन्यातच थांबवायचा प्रयत्न केला. पण द्रौपदीबाई दारातच उभ्या होत्या आणि त्यांना कमी ऐकू येत नव्हतं. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या. अख्ख्या शाळेला त्यांनी घंटेवर चालवलेलं.

"काय म्हणता, भाऊ? मी सुनेचं नेट अडवते?"

"हेतू बगावा लागतो, बाई. सून कमावती झाली की सासूचं चालत न्हाय, असं जगात असतं."

"माझ्या सुनेनं शिकवावं म्हणून मी तिच्या क्लासच्या वेळी मिक्सर लावत नाही. वाटण पाट्यावर वाटते. बघा हात." त्यांनी हात पुढे केला. हाताला लसणाचा वास येत होता. भावजी दोन पावलं मागे सरले आणि सागरच्या पायावर उभे राहिले.

माफी म्हणून त्यांनी चौथा कॅमेरा स्वतः उभं राहून बसवून घेतला, थेट धम्मदिनाच्या खोलीत, राउटरवर रोखलेला.

"काका, फक्त राउटर दिसला पाहिजे," धम्मदिनानं बजावलं.

"राउटर आनि तुमची पाठ. पाठीला काय व्हतंय?" भावजी म्हणाले. "आता चोर कुठनं बी येऊ दे, चार डोले त्याच्यावर."

"आणि तुम्ही बघताय ते कोणाच्या नेटवर?"

भावजी दुखावले. "मी लोकांचं नेट वापरत न्हाय, मास्तरीनबाई. माजा मोबाइल माज्या सिमवर चालतो. तत्त्व हाय."

ते खरंच होतं. त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही.

रविवारी पाचला डेमो सुरू झाला. पडद्यावर पुण्याचे सर, त्यांच्या बाजूला एक मॅडम आणि खाली वेगवेगळ्या गावांतली सातवी-आठवीची मुलं होती. सागर खोलीच्या कोपऱ्यात दुसरा लॅपटॉप घेऊन बसला. धम्मदिनानं त्यावर एक साधी चाचणी लावून दिली होती. इथून निरोप गेला की उत्तर यायला किती वेळ लागतो, तो आकडा ओळीनं उमटत राहायचा. आकडा लहान तर ठीक, मोठा तर अडलं. भावजी बाहेर जिन्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, मोबाइलच्या चार चौकोनांवर डोळे लावून बसले. आज त्यांनी पापणी लवू द्यायची नाही असं ठरवलं होतं.

धम्मदिनानं चेंडू हातात घेतला, वर टाकला. पडद्यावर तो हवेतच राहिला.

"मॅडम? मॅडम, तुम्ही अडकलात," पुण्याचे सर म्हणाले.

सागरच्या लॅपटॉपवरचे आकडे टेलिफोन नंबरासारखे लांबले. धम्मदिना पुन्हा बोलली, तुकड्यातुकड्यांत पोचली. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

द्रौपदीबाईंना राहवलं नाही. भाऊंना सांगू, काहीतरी करा, म्हणून त्या जिन्यात गेल्या. तिथे भाऊ मोबाइलमध्ये नाक खुपसून बसलेले. त्यांनी हाक मारली, भाऊंनी मान वर केली नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं बाईंचा हात पुढे गेला. वर्गात मोबाइल बघणाऱ्या पोराच्या हातातून काढून घ्यावा तसा त्यांनी तो काढला, बाजूचं बटण दाबून पडदा बंद केला, आणि रिकाम्या झालेल्या हातात लसणाचा गड्डा दिला.

"सोला हे. सून शिकवतेय आत."

भावजींनी तोंड उघडलं. शाळेत ते द्रौपदीबाईंच्या हाताखाली कधी नव्हते, तरी तोंड बंद करून सोलायला लागले.

आत चेंडू खाली आला.

"आता बरोबर," सर म्हणाले. सागरच्या लॅपटॉपवर आकडे शहाण्या मुलांसारखे लहान होऊन रांगेत उभे राहिले. द्रौपदीबाई मोबाइल घेऊन आत आल्या. भाऊ एवढं बघतात तरी काय, म्हणून त्यांनी बटण पुन्हा दाबलं. भावजींनी मोबाइलला कुलूप कधी लावलंच नव्हतं. पडद्यावर जिना, लूमची शेड, वायरीचा डबा आणि चौथ्या चौकोनात धम्मदिनाची पाठ. सागरपुढचे आकडे एकदम फुगले. धम्मदिना अर्ध्या शब्दात थांबली.

"बाई, ते बंद करा," सागर कुजबुजला.

त्यांनी बंद केलं. आकडे उतरले.

"चालू करा."

फुगले.

"बंद. आणि आता हात लावू नका."

त्यानं त्यांच्या हातातून मोबाइल घेऊन धम्मदिनाच्या दिशेनं उंच धरला, कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि राउटरकडे बोट केलं. तिनं सासूकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवून विचारलं: पासवर्ड?

"जिन्याचा कॅमेरा लावायला आलेल्या पोराला दिला होता," द्रौपदीबाई हळूच म्हणाल्या. "बाकीचे कॅमेरे लावणाऱ्यांनापण. घरमालकांचेच तर."

पडद्यावरचे सर विचारत होते, "मॅडम, मघाशी अडत होतं, आता अजिबात नाही. काय केलंत?"

धम्मदिनानं चेंडू टेबलावर ठेवला. तयारी केलेला धडाही बहुधा तिथेच ठेवला. तिनं फळ्यावर दोन रस्ते काढले.

"मुलांनो, माझ्या घरी नेट येतं तो रस्ता रुंद आहे. घरातून बाहेर जातं तो अरुंद. माझा आवाज बाहेर जातो, म्हणजे तो अरुंद रस्त्यावरची स्कूटर आहे. स्कूटर लहान, तिला जागा किती लागते? पण आमच्याकडे वडप्याला गोदामं आहेत. समजा, त्याच गल्लीत चार ट्रेलर एकामागोमाग बाहेर निघाले."

"स्कूटर मागे अडकेल," एक मुलगी म्हणाली.

"अडकेल. मोडली नाही, पेट्रोल संपलं नाही, नुसती रांगेत उभी. आणि रस्ता तपासायला येणारा माणूस फक्त रुंद बाजू बघून ओके म्हणून जातो. आता गंमत बघा. हे ट्रेलर दिवसभर चालत नाहीत. कोणीतरी त्यांच्याकडे बघायला लागलं की निघतात. बघणारा विचारतो, स्कूटर का अडली? आणि जास्त नीट बघायला लागतो."

पुण्याच्या मॅडम पहिल्यांदा हसल्या. सरांनी घड्याळ बघायचं सोडलं.

"टीचर, पण ते ट्रेलर कोणाचे होते?" त्याच मुलीनं विचारलं.

दाराच्या फटीत लसूण सोलणारा हात थांबलेला सागरला दिसला. धम्मदिनालाही दिसला असावा.

"आमच्या शेजारच्या एका काकांचे," ती म्हणाली. "त्यांना मदतच करायची होती."

क्लास संपेपर्यंत आकडे हलले नाहीत. शेवटी सरांनी मॅडमशी दोन वाक्यं बोलून विचारलं, पुढच्या सोमवारपासून सुरू करू शकाल का. धम्मदिना म्हणाली, हो. नेट इतकं जलद होतं की प्रश्न संपायच्या आत तिचं 'हो' पुण्याला पोचलं.

भावजी सोललेला लसूण वाटीत घेऊन आत आले. सागरनं त्यांना सगळं सांगितलं. कॅमेरे धम्मदिनाच्या नेटवर, त्यांची चित्रं तिच्या अरुंद रस्त्यानं बाहेर पडून भावजींच्या मोबाइलवर, आणि पाच वाजताच, कारण चहा आला की भावजी बघायला बसतात.

"पन कॅमेरे काय नेट खातात?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. "ते नुसते बगतात."

द्रौपदीबाईंनी वाटी घेतली आणि लसूण बरा सोललाय असं सांगितलं. भावजी राउटरपाशी जाऊन त्याचा हिरवा दिवा न्याहाळू लागले. सागरला वाटलं, आता पाटी उतरवतात. हौसाला काय सांगायचं याची त्यानं मनात जुळवाजुळव सुरू केली. मग भावजींची पाठ हळूहळू ताठ होत गेली.

"सागर, इचार कर. तपास चालू असताना तपास करनाऱ्याच्या खुर्चीत बसून गुन्हा करत व्हता. लूमवर संशय गेला, यादववर गेला, बाईंवर गेला. त्याच्यावर एकदा बी न्हाय गेला. एवढा हुशार गुन्हेगार भिवंडीत दुसरा असेल?"

"नसेल, भावजी."

"आनि शेवटी पकडला गेला का न्हाय?"

"गेला."

भावजींनी समाधानानं मान हलवली, खुर्चीवर चढून राउटरवरचा कॅमेरा काढला आणि उतरताना धम्मदिनाला विचारलं, अशा माणसाचं आता काय करायचं.

"समज देऊन सोडून द्या, काका," ती म्हणाली, आणि नवा पासवर्ड टाकायला बसली. द्रौपदीबाईंना मात्र तिनं तो सांगितला नाही.