टीना मॅडमनं माझं घर फोडलं

टॅरोचं कार्ड मी आजवर एकदाही चुकीचं काढलेलं नाही. कारण मी ते काढतच नाही. मी निवडतो. समोरच्याचं रडगाणं वाचायचं, त्याला काय ऐकवण्याची गरज आहे ते ठरवायचं आणि त्या मजकुराला शोभेल असं चित्र गठ्ठ्यातून शोधून त्याचा फोटो पाठवायचा. नशिबावर सोडलं की काम बिघडतं!

अड्याळच्या बाजारओळीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पण मी मूळचा लेखक. शाळा दहावीपर्यंत, पुढचं सगळं स्वतः वाचून. लिहायला बसलो की कोणाच्या बापाला भीत नाही. तलावातल्या गाळापासून पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांपर्यंत सगळ्यांवर मी आसूड ओढले. एकही लेख छापून आला नाही. संपादक नावाची जमात पूर्वी लेख परत तरी पाठवायची, आता तेवढीही लाज राहिलेली नाही. फेसबुकवर टाकले तर तीन अंगठे. त्यातला एक माझा.

मग एका दुपारी रागाच्या भरात मी नवा नंबर घेतला, त्याला कमळाचा फोटो लावला आणि नाव दिलं 'टीना मॅडम, बदलाच्या काळासाठी टॅरो मार्गदर्शन'. लिखाण तेच माझं, तिखटपणा तोच. फक्त वर एक कार्ड चिकटवलेलं. महिनाभरात माणसं रांगेत! नोकरी सोडू का, गाव सोडू का, नवरा सोडू का. मी सगळ्यांना 'सोडा' म्हणायचो. लोकांना 'सोडा' हा शब्द ऐकायला फार आवडतो, फक्त तो दुसऱ्या कोणीतरी म्हणावा लागतो.

घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. बायको रीताला नाही, आईला तर नाहीच. घरी मी टॅरोवाल्यांना भामटे म्हणायचो आणि तेही अगदी मनापासून.

धानकापणीच्या दिवसांत टीना मॅडमच्या नंबरावर एक निरोप आला. नंबर बघितला आणि मी खुर्चीतच सरळ झालो. तो हर्षाचा होता. हर्षा म्हणजे टेकचंदची सून, आणि टेकचंद म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याच्या-माझ्या घराची भिंत एक. बाजारात त्याची चहाची टपरी. मी वाटलेल्या माझ्या लेखांच्या झेरॉक्स दाखवून आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला तो सांगतो, "आमच्या धर्मेंदरचे लेख लय कामाचे हायेत. चिवडा बांधाले त्याच्यासारखा कागद नाई."

हर्षानं लिहिलं होतं, "मॅडम, घरात बदल करू पायतो. मनासारखं खाता येत नाई. झिंग्याची चटणी केली की एका माणसाच्या डोक्षात जाते. पुढची खोली त्यानंच अडवून ठेवली. चार बाया बसाले आल्या तं खेकसते. वेगळं निघावं का?"

मला काही विचारायची गरजच पडली नाही. टेकचंद वर्षभरापासून सत्संगात जातो. मासमच्छी सोडली, पुढच्या खोलीत गुरूंचा फोटो मांडून बसतो आणि घरात सुक्या झिंग्यांचा वास आला की नाक धरून फिरतो. आता पुढची खोली माझ्याही घरात मीच वापरतो, पण ती लेखनासाठी. आईची खाट दोन वर्षांपूर्वी मागच्या खोलीत हलवली आणि खिडकीशी माझं टेबल टाकलं. झिंगे आमच्याकडेही बंद आहेत, तिखटही बंद आहे, पण ते माझ्या पित्तामुळे. त्याला जुलूम म्हणत नाहीत, पथ्य म्हणतात.

शिवाय आमच्या भागात वेगळं निघतं कोण? लेक आणि सून. पंच बसतात, हिस्सा ठरतो, जुन्या चुलीवरून जाळ नेऊन नवी चूल पेटवतात आणि सगळे चहा पिऊन घरी जातात. हे वर्षानुवर्षं असंच चाललेलं. तेव्हा मी वय विचारलं नाही, नातं विचारलं नाही. मी लिहायला बसलो. आणि सांगतो तुम्हाला, आयुष्यात इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. समोर टेकचंदचं तोंड दिसत होतं ना!

"पहिलं कार्ड मनोरा. वीज पडली आहे, माणसं वरून कोसळत आहेत. घाबरू नका. जे पडतं आहे ते आतून केव्हाच कुजलं होतं. दुसरं कार्ड आठ पेले. माणूस पाठ फिरवून निघाला आहे. ज्या ताटात तुमच्या आवडीचा एक घास नाही, ते ताट तुमचं नाही. ज्यानं पुढची खोली अडवली त्यानं घर अडवलं. तीच खोली मागा, मागच्या खोलीवर समाधान मानू नका. तिसरं कार्ड न्याय. हातात तराजू आहे आणि तलवारही आहे. पंच बोलवा. तो ओरडेल. ओरडू द्या. ओरडणारा माणूस आतून भित्रा असतो."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "लोक काय म्हणतीन?"

मी लिहिलं, "लोक दोन दिवस म्हणतील. चटणी तुम्ही रोज खाल."

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी थांबणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी मी उठून भैयाजींकडे गेलो. भैयाजी आमच्या भावकीतले सगळ्यात वडील, कोणी वेगळं निघालं की पंच म्हणून तेच बसतात. ऐंशी वर्षांचे, ओसरीवर पाय सोडून बसले होते.

"भैयाजी, एक प्रकरण येऊन राहिलं तुमच्याकडं," मी म्हणालो.

"आलं. काल सांजेलेच सांगून गेल्या."

"मग कडक निकाल द्या. बाईमाणसाचं ऐका. तो पुरुष हातापाया पडेल, तब्येतीचं सांगेल, ऐकू नका."

भैयाजींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तू सांगून राहिला हे?"

"मीच सांगतो. घरातल्याची दादागिरी मला सहन होत नाही."

"पुढची खोली तिलेच द्यायची म्हणतं?"

"तिलाच. आणि मागून फिरायचं नाही. शब्द द्या."

"दिला," भैयाजी म्हणाले. "मोठ्या मनाचा हायेस रे तू. मले वाटलं नव्हतं."

मलाही तसंच वाटत होतं. घरी येताना मी टेकचंदच्या टपरीवर मुद्दाम चहा प्यायलो. बिचारा नेहमीसारखा हसत होता. त्याला अजून काही माहीत नाही, असं वाटून मला त्याची दयासुद्धा आली.

रविवारी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. टेकचंदच्या घरी पंच बसणार आणि मी पहिल्या रांगेत असणार. चप्पल घालतो तोच दारात भैयाजी. मागे भावकीतले दोन म्हातारे. त्यांच्या मागे खांद्यावर सतरंजी घेतलेली हर्षा आणि सगळ्यात शेवटी टेकचंद. चेहऱ्यावर चिंतेचं नाव नाही.

"चला, मी तयारच आहे," मी म्हणालो.

"कोठी?" भैयाजींनी विचारलं.

"टेकचंदकडं."

"तिकडं काय हाय?"

हर्षानं सतरंजी झटकली आणि माझ्या पुढच्या खोलीत, माझ्या टेबलासमोर अंथरली. सगळे बसले. मी चप्पल घातलेल्या पायांनी तसाच उभा. आतून रीता चहाचे कप घेऊन आली, मोजून बरोबर माणसांइतके. आणि तिच्या मागून आई आली. ठेवणीतलं टसरचं लुगडं, हातात एक कागद.

"मी वेगळी निघून राहिली," आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सदुसष्ट वर्षांची माझी आई, माझ्याच घरात, माझ्यापासून वेगळी!

"कोणापासून?" मी विचारलं.

"घरात किती जण हायेत बाबू?" आई शांतपणे म्हणाली. "दोन वरीस झाले, मी मीठ बी तुले विचारून टाकतो. दुधी खाऊन खाऊन जिभेवर शेवाळ आलं. झिंग्याचा डबा मी हर्षाच्या घरी ठेवतो, तिकडं जाऊन खातो. तिचा सासरा नाक धरते पण बोलत नाई. मेल्यावर पिंडाले काय ठेवशीन मले, दुधीच का?"

"ही कुठली थेरं, कोणी शिकवली?"

"टीना मॅडमनं," हर्षा म्हणाली. "मोठ्या आईले टाइप करता येत नाई, म्हणून मी माह्या फोनवरून लिवून देल्लं."

मी रीताकडे बघितलं. ती कपबशा मांडत म्हणाली, "माझ्याकडं काय पाहून राहिले? मी फक्त आपल्या दुकानातून त्याची प्रिंट काढून देल्ली. मोठ्या अक्षरात. आईले चष्म्यानं वाचता आली पायजे ना."

भैयाजींनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला सुरुवात केली. आणि मंडळी, तिथं माझ्या आयुष्यातली सगळ्यात भयानक गोष्ट घडली. ते वाचत होते आणि लोक ऐकत होते! 'ज्या ताटात तुमच्या आवडीचा एक घास नाही' आलं तेव्हा दोन्ही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. 'ओरडणारा माणूस आतून भित्रा असतो' आलं तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. आणि टेकचंद, जो माझ्या लेखात चिवडा बांधतो, तो टॉवेलनं डोळे पुसत होता.

"काय लिवलं हाय," तो म्हणाला. "असं लिवणारा माणूस आपल्या भागात नाई. त्याले मन पायजे."

आता माझी गोची समजून घ्या. खोली वाचवायची तर टीना मॅडमला भामटी ठरवायचं. पण वीस वर्षं लिहून मी ज्याची वाट बघितली ते हेच तर होतं. सहा माणसं, माझं लिखाण, आणि एकाच्या डोळ्यांत पाणी. मी तोंड उघडलं ते खोली वाचवायलाच.

"ती कोण टीना, सगळं खोटं..." म्हणालो आणि पुढचे शब्द आपोआप बाहेर पडले. "ते मी लिहिलं आहे."

टेकचंद हसला.

"काय बे, दुसऱ्याच्या पोरीचं बारसं आपल्या घरी करून राहिला का?"

रीतापण म्हणाली, "जाऊ द्या हो. कशाकशावर आपलं नाव लावाल?"

"मीच टीना मॅडम आहे," मी ओरडलो.

"हर्षा, लाव बरं फोन मॅडमले," टेकचंद म्हणाला.

हर्षानं फोन लावला. माझ्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात बासरी वाजायला लागली. टीना मॅडमसाठी मी खास बासरी लावली होती, मनाला शांती वाटावी म्हणून. ती बराच वेळ वाजली. टेकचंदचा टॉवेल हातातल्या हातात राहिला.

आई उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे तू लिवलं?"

"हो."

"मनापासून?"

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. कोणताही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण विचारलं ते लेखकाला होतं.

"मी जे लिहितो ते मनापासूनच लिहितो," मी म्हणालो.

"मंग तं झालंच," आई म्हणाली. "माहं बी तेच म्हणणं, तुहं बी तेच म्हणणं. भांडण कायचं हाय?"

"आन् माह्याकडून त्यानं शबद बी घेतला हाय," भैयाजी म्हणाले. "दोनी पक्ष राजी. रीता, चहा आण आखीन."

दुपारपर्यंत माझं टेबल मागच्या खोलीत गेलं. एका बाजूनं टेकचंदनं स्वतः उचललं आणि वाटेत दोनदा म्हणाला, "सांभाळून रे, लेखकाचा टेबल हाय." पुढच्या खोलीत आईची खाट आली, खिडकीशी नवीन शेगडी मांडली. आमच्या गॅसवर रीतानं कागदाची सुरळी पेटवली, तळहाताच्या आडोशानं जाळ पुढं नेला आणि आईची शेगडी लावली. रीत म्हणजे रीत.

"तू काहून इकडं थांबली?" मी तिला विचारलं. "आपला स्वयंपाक?"

"पंचाइले मी आधीच सांगितलं होतं," ती कांदा चिरत म्हणाली. "मी आईच्या हिश्श्यात हाये. तुमचा दुधी फ्रिजमध्ये हाय."

हे मी मागच्या खोलीत, गॅसच्या रिकाम्या टाकीला पाठ लावून लिहितो आहे. पुढून झिंगे भाजल्याचा वास येतो आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्या वासानं मला पित्त झालं नाही, तोंडाला पाणी सुटलं. अर्धा तास धीर धरला. मग ताट घेतलं आणि पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

आईनं वर बघितलं. टॅरोचा माझा गठ्ठा तिच्या मांडीवर होता. टेबल हलवताना खणातून पडून तिकडंच राहिला असणार. तिनं त्यातलं एक कार्ड उचललं, चष्मा वर सरकवून ते उलटंसुलटं पाहिलं आणि खाली ठेवलं.

"कार्ड म्हणते, आगुदर माह्या मैत्रिणी जेवतीन."

मी आत डोकावलो. आत सातजणी होत्या.