डाव्या पायाची सँडल

बायकोला आठवा महिना लागला आणि तिच्या टाचा ठणकू लागल्या. मी पायांखाली उशा रचायचो, कोमट पाण्याचा टब भरायचो (निम्मं पाणी जमिनीवर सांडायचं, ते पुसायला तीच उठायची). पण डॉक्टरीणबाईंच्या एका वाक्यानं माझी झोप उडवली होती. "दोन्ही पाय थोडे सुजले तर घाबरू नका. पण एकच पाय अचानक जास्त सुजला, तर तडक या. रक्ताची गुठळी असू शकते."

तेव्हापासून मी तिचे पाय असे न्याहाळायचो, की ती म्हणायची, "लग्नाआधी तोंडाकडे तरी इतकं बघितलं होतंत का?"

अशातच मी ठरवलं, तिला मऊ, सैल सँडल आणायची. दुकानदार म्हणत होता, "साहेब, मी देतो ना जोडी काढून." पण मी काय कच्चा आहे? सगळी खोकी उघडली, तळवे दाबदाबून ढिगातून सगळ्यात गुबगुबीत सँडल निवडली आणि विजयी मुद्रेनं घरी आलो.

उजवी झकास बसली. डावी अर्ध्यातच अडकली.

"ढकला की जरा."

मी ढकलली. ती किंचाळली.

"दुखतंय?"

"ढकलल्यावर दुखणारच ना!"

"एकाच पायाला?"

"एकाच पायाला ढकललंत म्हणून!"

पण मला ऐकूच येईना. माझ्या पोटात गोळा आला (तिच्या पोटात आधीपासूनच होता). गुठळी! डोळ्यांपुढे रिकामं घर आलं, माझ्या कडेवर रडणारं तान्हं बाळ आणि मला त्याचा लंगोटही बांधता येत नाहीये.

"हलू नकोस!"

"अहो, पण..."

"बोलूही नकोस!"

तिला खुर्चीसकट उचलायला गेलो. जागची हलली ती फक्त माझी कंबर. शेवटी तीच मला धरून जिन्यावरून खाली घेऊन आली.

टॅक्सीवाला माझ्याकडे न बघताच म्हणाला, "कळा सुरू झाल्या वाटतं?"

"हो, यांना," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पोटऱ्यांना मापाचा टेप लावला. पुन्हा लावला. आकडे कागदावर लिहून घेतले. मी भिंत धरली. तेवढ्या वेळात मी सिगारेट सोडली, पत्ते सोडले, थापा मारणंसुद्धा सोडलं (सिगारेट अजून सुटलेली आहे). फक्त ही दोघं सुखरूप राहू देत!

"पाय अगदी सारखे आहेत. बाळाचे ठोकेही छान."

मी पुरावा म्हणून आणलेल्या सँडल पुढे केल्या. बाईंनी त्या उलट्या केल्या. उजवीच्या तळाला सात नंबर, डावीच्या तळाला पाच.

"ही जोडी निवडली कोणी?"

बायकोनं नुसतं माझ्याकडे बोट केलं.

"पाय उशीवर ठेवा, घोटे गोल फिरवत जा," बाई तिला म्हणाल्या, "आणि यापुढे काही निवडून आणायचं असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"दुसरा कुठून आणू?" बायकोनं सुस्कारा सोडला. "मी निवडायला गेले, तेव्हा हा एकच पीस शिल्लक होता."