शिऱ्यानं फोडलेली यादी

रूपाला बारा निरोगी म्हातारी माणसं हवी होती, आणि सुंदरबाईनं ती, स्वतःला धरून, एका सकाळीत ओट्यावर आणून बसवली. ही नात पुण्यात कर्करोगावर संशोधन करते, रोगाशी झुंजणाऱ्या रक्तातल्या पेशी तपासते, एवढं तिला ठाऊक होतं. आजाऱ्यांचं रक्त रूपाकडे होतंच. ताडून पाहायला धडधाकटांचं हवं होतं. सात वर्षांचं काम त्यावर अडलं होतं.

पण गावात धडधाकटांची यादी निघतेय म्हटल्यावर यादीला लग्नपत्रिकेचा मान आला. नाव नाही त्याचं नाक कापलं. "काही आजार?" रूपा विचारी. "छे!" जो तो छाती काढून सांगे. सुंदरबाईही फणकारली, "माले काय धाड भरनी शे?"

बारा नळ्या भरून बर्फाच्या पेटीत गेल्या. आता रक्त देऊन माणूस कोरड्या तोंडानं उठला, तर घराण्याला बट्टा. सुंदरबाईनं तूप निथळणारा शिरा वाढला.

शेजारच्या दोधूभाऊंनी वाटी सरकवली. "माले नको. शुगर शे."

"आते तं निरोगी व्हतात!"

"ते लिखाले, वहिनी. हाई तं पोटमा जाई!"

मग एकेक करून दोधूभाऊंची धरून सहा वाट्या सरकल्या. रूपाचं पेन थांबलं. "आजी, शुगर ऱ्हायनी की पेशीबी येगळ्या वागतीस. मी यासले निरोगी लिखसू, तं पुढलं बठं काम खोटं. त्यावर कोन्हा तरी पेशंटना इलाज ठरी."

उरलेले पाच जण घाम पुसत शिरा गिळत होते. सुंदरबाईच्या हातातही वाटी होती. तांदळाच्या डब्यात लपवलेल्या शुगरच्या गोळ्या फक्त तिलाच ठाऊक. या ओट्यावर तिचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. आणि कुठल्या तरी दवाखान्यात कुणी तरी बाई त्याच शब्दावर औषध घेणार होती.

तिनं वाटी खाली ठेवली. "मन्हं नाव काट."

"आजी! कधीपासून?"

"चार वरीस. तुले सांगतू, तं तू तठलं काम सोडीसन मन्हापान बसती."

पाच चमचे एकदम थांबले.

"मन्हं बीपी लिख."

"मन्हा दमा!" बाकी तिघांनीही आपापलं दुखणं सांगून टाकलं.

"पोरी, शुगरसंगे मन्हा गुडघाबी लिख," दोधूभाऊ उठले.

बारांतली एकही नळी कामाची उरली नाही; पण खोटी एकही पुण्याला गेली नाही. रूपानं कपाळावर हात मारला आणि आजारांच्या यादीसाठी कोरा कागद ओढला. तोवर ओट्यावर रेटारेटी सुरू झाली होती.

सुंदरबाईनं पदर खोचला. "ढकलू नका! गुडघा मन्हाबी शे, दोधूभाऊ, आनि तुमनापेक्षा दहा वरीस जुना. पहिले मी!"