सत्कारमूर्ती ऑनलाइन

"कंटाळा? माझ्या प्रशिक्षणात? अहो सर, बाया चहा मागायचंसुद्धा विसरतील!"

असं निशिगंधा फोनवर ठणकावून बोलली खरी, पण फोन ठेवताच वही-पेन घेऊन तयारीला बसली. संस्थेचे राजकुमार सर पुण्यातून स्वतः ऑनलाइन बघायला बसणार होते. बायांचा सहभाग दिसला तर संस्थेतली नोकरी पुढे चालू, नाहीतर या महिन्यातच घरी!

विषय होता मिरचीपूड पिशव्यांत भरून विकण्याचा. तिनं चित्रं काढली, प्रश्न तयार केले, एक खेळ बसवला, वर दोन विनोद पाठ केले. बुलढाण्याच्या घरात आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि आईला, म्हणजे गोजरबाईंना, तंबी दिली, "मागून फिरायचं नाही!"

तिकडे जानेफळला बचत गटाच्या बाया मोबाइल टीव्हीला जोडून तयारच होत्या.

"नमस्कार! आज आपण..."

"थांबा मॅडम!" गटाच्या अध्यक्ष केसरबाई उठल्या. "आधी प्रास्ताविक!"

प्रास्ताविक झालं. स्वागतगीत झालं, तेही सगळ्या कडव्यांसकट! कोपऱ्यातल्या चौकटीत सर घड्याळ बघत होते. निशिगंधानं घाईघाईनं टाळ्या वाजवल्या.

"फारच छान! आता पहिला प्रश्न..."

"सत्काराबिगर? मॅडम, आमच्या गावात पाहुण्याले असं कोरडं नाही बोलू देत!"

टीव्हीवर निशिगंधाचा चेहरा होता. केसरबाईंनी टीव्हीलाच हार घातला, कपाळावर कुंकू लावलं आणि मॅडमलाही दिसावं म्हणून मोबाइल टीव्हीकडे फिरवला.

नेमक्या तेव्हाच गोजरबाई मागून डोकावल्या. पडद्यावर लेकीचा चेहरा, आणि त्याला झेंडूचा हार!

"माय वो! जित्या पोरीच्या फोटोले हार! काय वाईट केलं वो माह्या लेकरानं?"

"आई, जा ना तिकडे!"

"काऊन जाऊ? पहिले तो हार काढा म्हणा!"

हार काढायच्या झटापटीत तिकडचा मोबाइल खाली पडला आणि अख्खं जानेफळ गायब झालं! उरले फक्त सर. ते एकटक बघत होते.

"सर, ते... नेटवर्क..." निशिगंधाला रडूच यायचं बाकी होतं. गेली नोकरी!

तेवढ्यात जानेफळ परत आलं. केसरबाईंनी पडदा न्याहाळला.

"मॅडम, हे कोपऱ्यात कोण बसून राह्यले?"

"आमचे मोठे साहेब आहेत."

"अरे बाप्पा! मोठे साहेब बसले, अन् आपून लहान्या मॅडमचा सत्कार करून राह्यलो! लावा बरं साहेबाले टीव्हीवर!"

गोजरबाईंच्या धाकानं यावेळी हार टाळला. टीव्हीला शाल पांघरली!

"साहेब, आता दोन शब्द बोला!"

सर आधी लाजले. मग खाकरले. मग जे सुरू झाले, ते थेट आपल्या बालपणापासून! बाया हसल्या, टाळ्या वाजवल्या, प्रश्नांवर प्रश्न विचारले. दोन शब्द वेळ संपेपर्यंत चालले. मिरचीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

"निशिगंधा," सर डोळे पुसत म्हणाले, "असा सहभाग मी कुठंच पाहिला नाही! पैकीच्या पैकी!"

निशिगंधाच्या जिवात जीव आला. "म्हणजे सर, माझी नोकरी...?"

"अहो, तुम्ही एक अक्षर न शिकवता एवढं रंगलं! मग इथं प्रशिक्षक हवाच कशाला?"

ते ऐकून केसरबाई लगेच पुढे सरसावल्या.

"बाया हो, बसा बसा, उठू नका! मॅडमचा निरोप समारंभ राह्यला!"