‘काय’ या शब्दाची योग्य जागा

शिकवणं म्हणजे समजावणं, आणि समजलं की नाही हे ज्याला समजावलं त्यालाच विचारणं, याहून न्याय्य पद्धत माणसाला अजून सापडलेली नाही. दुकानदार वजन करून देतो, डॉक्टर नाडी बघतात, शिंपी मापं घेतो. फक्त शिक्षक विश्वास ठेवतात.

मी ज्या शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक आहे, तिथे एका मंगळवारी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत ‘समजलं?’ हा प्रश्न सर्व वर्गांत मिळून चारशे अकरा वेळा विचारला गेला. (एकाच वेळी सगळ्या वर्गांत हजर राहणं मला शक्य नसल्यामुळे मॉनिटरांना रेघा मारायला लावलं होतं. एका मॉनिटरने फूल काढलं. ते मोजलेलं नाही.) उत्तरं पुढीलप्रमाणे: ‘हो’, चारशे तीन. ‘नाही’ किंवा नाहीसदृश, आठ. नाहीसदृशमध्ये ‘परत एकदा सर’, ‘पण मग’ आणि प्रश्नावर उलटा प्रश्न यांचा समावेश आहे.

ही आठही उत्तरं सातवी ब मधून आली. सातवी ब मध्ये बाकं चोवीस, मुलं सत्तेचाळीस, पंखे दोन, पैकी फिरणारा एक, आणि विज्ञानाचे सर एक.

मोजणीचं कारण असं. शिक्षकांची लायकी मुलांच्या मार्कांवरून ठरवणं अन्यायाचं आहे, कारण मार्क मुलांना पडतात, हे शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या यंदा लक्षात आलं. सबब ‘आकलन निर्देशांक’ लागू करण्यात आला. सूत्र सोपं आहे: मिळालेले होकार भागिले विचारलेले प्रश्न, गुणिले शंभर. नव्वदच्या वर निर्देशांक असलेला हंगामी शिक्षक कायम होतो. नव्वदच्या खालच्याची संस्था आभारी राहते आणि तो घरी राहतो. मोजण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर आहे आणि प्रयोगशाळेत मोजण्यासारखं दुसरं काही चालू नव्हतं.

या कामामुळे मला थोर शिक्षकांच्या पद्धती जवळून पाहता आल्या.

भूगोलाच्या बाईंना मुलं ‘एक्स्प्रेस’ म्हणतात, कारण त्या मधल्या स्टेशनांवर थांबत नाहीत. त्यांचं वाक्य असतं, “समजलं? हं, पुढे.” ‘समजलं’ आणि ‘हं’ यांच्यातलं अंतर मी स्टॉपवॉच लावून मोजलं. सरासरी शून्य पूर्णांक चार दशांश सेकंद. तेवढ्या वेळात ‘हो’ म्हणून होतं. ‘नाही’ला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, शिवाय आधी श्वास घ्यावा लागतो. बाईंनी भाषेची ही रचना हेरून तिचा शिक्षणासाठी उपयोग केला. निर्देशांक शंभर.

गणिताचे सर, टोपणनाव ‘तोफ’. हे उलट भरपूर वेळ देतात. “ज्याला समजलं नसेल त्याने उभं राहावं,” असं म्हणून चष्म्यावरून प्रत्येक बाकाकडे आळीपाळीने बघतात. बावीस वर्षांत एकच मुलगा उभा राहिला. त्याला लघवीला जायचं होतं. “बस खाली, समजलंय तुला,” असं सरांनी सांगितलं आणि तो बसला. निर्देशांक शंभर.

भाषेचे सर कविता डोळे मिटून शिकवतात. कडवं संपलं की ते “अहाहा!” म्हणतात, मग वर्ग “अहाहा!” म्हणतो, मग पुढचं कडवं. ते प्रश्नच विचारत नाहीत. ‘अहाहा’ होकार धरले, पण भाजक शून्य झाला आणि निर्देशांक अनंत आला. अनंत हा आकडा नव्वदच्या वर आहे काय, अशी संस्थेने माझ्याकडे विचारणा केली. मी होकार कळवला. सर यंदाचे आदर्श शिक्षक आहेत.

आता विज्ञानाचे सर. वय एकतीस, हंगामी, तिसरं वर्ष. शर्टाच्या उजव्या खिशाला कायम खडूचा पांढरा पट्टा. सहामाहीपर्यंत इतरांचे आठ धडे झाले होते, यांचे साडेचार. त्यांना दोन खोडी होत्या. एक म्हणजे रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम करून ठेवायची आणि ती मुलांनी पकडेपर्यंत निष्पाप चेहरा करून उभं राहायचं. दुसरी खोड जास्त गंभीर. इतर शिक्षक ‘समजलं काय?’ असं विचारतात. हे विचारत, “काय समजलं?”

शब्द तेच दोन आहेत, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. परंतु ‘काय’ मागून उचलून पुढे ठेवल्याबरोबर त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येत नाही. व्याकरणच आड येतं. मग मुलं बोलायला लागतात. “सर, दिव्यातून गेल्यावर वीज वापरून संपते का?” “मग उरलेली परत का येते?” “परत आली नाही तर बिल कमी येईल का?” या सर्व उत्तरांची गणना नियमानुसार नाहीसदृश सदरात झाली. प्रश्न आठ, होकार शून्य. निर्देशांक शून्य.

मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. मी आकडे घेऊन हजर होतो.

“अहो, शून्य?” मुख्याध्यापक म्हणाले. “खेळाचे सर महिनाभर रजेवर आहेत, त्यांचासुद्धा चाळीस आलाय!” (त्यांच्या तासाला शिपाई वर्गावर बसतात आणि मधूनमधून ‘दार लावून घेऊ का?’ असं विचारतात.)

“पण सर, मुलं बोलतात की माझ्या तासाला.”

“तोच तर घोळ आहे. त्यांना बोलायला कोणी सांगितलंय? हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.”

“‘काय समजलं?’ला हो कसं म्हणतील?”

“मग ‘समजलं काय’ म्हणा! अहो, एक शब्द बदला म्हणतोय का मी? आहे तोच ‘काय’ उचलायचा आणि मागे ठेवायचा. बाक सरकवतो तसा. इतकं काय त्यात?”

“त्यातच सगळं आहे, सर.”

“हे बघा,” मुख्याध्यापक आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही मला मुलासारखे. कायम व्हायचंय ना? मग त्या ‘काय’ला कुठे बसवायचं ते ठरवा.”

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला. ‘सदर शिक्षकांनी ‘काय’ हा शब्द ‘समजलं’ या शब्दापूर्वी न वापरता त्यानंतर वापरावा. निर्देशांकाची फेरमोजणी पुढील शुक्रवारी संस्थेच्या सदस्यांसमक्ष होईल. तीच अंतिम समजण्यात यावी.’

सरांना कायम व्हायचंच होतं. त्यांची बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन दुसऱ्या गावी नोकरी करते. दोघांपैकी एकाचं पक्कं झाल्याशिवाय दुसऱ्याने आपलं सोडायचं नाही, असं त्यांच्यात ठरलेलं होतं. मुलीला बाबा फोनमध्ये राहतात असं वाटायचं. दर रविवारी सासऱ्यांचा फोन येई. (सरांच्या आणि माझ्या खोल्यांमधली भिंत प्लायवूडची आहे.)

“काय जावईबापू, झालात का कायम?”

“होईन, बाबा. लवकरच.”

“तीन वर्षं ‘होईन’च चाललंय. तुमच्या विज्ञानात याला काही नाव असेल ना?”

आदेश मिळाला त्याच दिवशी सरांनी अंमलबजावणी केली. चुंबकाचा धडा चालू होता. सर थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, “समजलं काय?”

अकराव्या सेकंदाला दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. वर्ग तिला ‘शंका’ म्हणतो.

“सर, आम्ही काही केलं का?”

“नाही गं. मी नुसतं विचारतोय.”

“मग रागावून का विचारताय?”

“रागावलेलो नाही. ही नवी पद्धत आहे.”

“बरं. मग आम्ही काय म्हणायचं?”

“‘हो’ म्हणायचं.”

“समजलं नसलं तरी?”

सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी तारीख लिहिली. (तारीख आधीच लिहिलेली होती.)

शाळेत गुप्त ठेवलेली कोणतीही गोष्ट मुलांपर्यंत पोहोचायला सरासरी दीड दिवस लागतो. गुरुवारी मधल्या सुट्टीत सातवी ब ची सभा जिन्यावर भरली. मी वरच्या मजल्यावर उभा होतो आणि कठड्यावरून सगळं ऐकू येत होतं.

“उद्या कोणी काही विचारायचं नाही,” शंका सांगत होती. “फक्त हो. नाहीतर सर घरी जातील.”

“घरी तर रोजच जातात,” एक मुलगा म्हणाला.

“कायमचे जातील, मूर्खा!”

“अगं, पण कायम व्हायचंय ना त्यांना?”

“कायम झाले तर राहतील. कायम झाले नाहीत तर कायमचे जातील. कळलं?”

“नाही.”

“उद्या असं म्हणालास तर बघ.”

“पण सरांनी फळ्यावर चूक केली तर?”

शंका वर्गात पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त चुका पकडणारी मुलगी होती, आणि तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर सरांनी प्रत्येक चुकीमागे एक चांदणी काढून दिलेली होती.

“तरी हो,” ती म्हणाली.

शुक्रवारी शेवटच्या बाकांवर मुख्याध्यापक, संस्थेचे एक सदस्य आणि मी असे तिघे बसलो. सदस्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. शिक्षणाशी त्यांचा संबंध असा की शाळेच्या कार्यक्रमांना पडदे तेच देतात. बाक लहान मुलांच्या मापाचं असल्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीजवळ आले होते, परंतु चेहरा प्रसन्न होता.

धडा विद्युत परिपथाचा. सरांनी फळ्यावर सेल काढला, एका टोकाला अधिक, दुसऱ्याला उणे. अधिक टोकापासून तार काढून ती बटणापर्यंत नेली. बटणापासून ती दिव्यापर्यंत नेली. दिव्याच्या दुसऱ्या बाजूने तार काढली, पट्टी धरून सरळ खाली आणली, वळवली आणि अधिक टोकाला नीट आणून जोडली. बटण दाबलेलं दाखवलं. मग पिवळा खडू घेऊन दिव्याभोवती प्रकाशाचे किरण काढले. आकृती फारच सुबक होती.

“म्हणजे वीज सेलमधून निघते, दिव्यातून जाते आणि फिरून सेलकडे येते,” सर म्हणाले. त्यांनी खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे तोंड केलं. “समजलं काय?”

शंकाचा हात बाकावरून उठला. खांद्यापर्यंत आला. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडेच बघत होते. हात तसाच आणखी वर गेला, वेणीची रिबन घट्ट करून खाली आला. (हात वर करणं आणि रिबन घट्ट करणं यांची नोंद वेगवेगळ्या सदरांत होते.)

“होऽऽ सर!”

सत्तेचाळीस होकार. सर्वांत मोठा आवाज दुसऱ्या बाकावरून आला.

सर जागचे हलले नाहीत. “नक्की?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न नियमात नाही, तरी मोजला.

“होऽऽ सर!”

“वा!” सदस्य म्हणाले. “अहो, मी शाळेत असताना हे मला कधीच कळलं नव्हतं. आज मलासुद्धा समजलं!” मुख्याध्यापकांनी मान डोलावली. दोघांचे होकार वेगळे लिहून ठेवले. सरांनी डस्टर घेतलं आणि, कोणी सांगितलेलं नसताना, पूर्ण फळा पुसला. घंटेला अजून नऊ मिनिटं होती.

निर्देशांक शंभर. संध्याकाळपर्यंत सर कायम झाले. ‘काय’ची सुधारित जागा सर्व वर्गांसाठी बंधनकारक करण्यात आली.

रविवारी फोन आला.

“काय जावईबापू?”

“झालो, बाबा.”

“अरे वा! अभिनंदन! मग आवाज असा का?”

“खडूची धूळ जाते घशात.”

“कायम माणसाने आता कोमट पाणी पीत जावं,” सासरे म्हणाले. मग मुलीला फोन दिला गेला. तिने बाबा फोनमधून कधी बाहेर येणार असं विचारलं. सरांनी तिला महिना सांगितला. तिला समजलं का, असंही विचारलं. ती हो म्हणाली.

फळ्यावरची ती चूक सरांनी नेहमीसारखी मुद्दाम केली होती, की त्या दिवशी लक्ष जागेवर नव्हतं म्हणून झाली, हे मोजण्याचं साधन माझ्याजवळ नाही. आकृती फळ्यावर होती तशीच वर दिलेली आहे. एकही तार इकडची तिकडे केलेली नाही. वाचताना जे मध्येच थांबले असतील त्यांनी तसं कळवावं. जे थांबले नाहीत त्यांचे होकार धरण्यात आले आहेत.

सोमवारी प्रयोगशाळेत आकृतीप्रमाणे तंतोतंत जोडणी केली. सेल नवा, दिवा तपासलेला, तारा घट्ट बसवलेल्या, उणे टोक मोकळं. बटण तीन वेळा दाबून तीन वाचनं घेतली. विद्युतप्रवाह, अँपिअरमध्ये: शून्य, शून्य, शून्य.