साहेबांच्या फोटोचे अधिकृत वर्णन

टेलिफोन ऑपरेटरने बदलीचा अर्ज स्वतः भरण्याची इच्छा लेखी व्यक्त केली आणि कार्यालयात खळबळ उडाली. नऊ आकडा दाबला की फोन त्यांच्याकडे लागे, म्हणून सगळे त्यांना 'नऊ नंबर' म्हणत. नऊ नंबरांना दिसत नव्हतं. त्यांच्या संगणकात एक वाचकयंत्र होतं. ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवी आणि नऊ नंबर कानांनी वाचून बोटांनी उत्तर देत.

याआधी त्यांचा अर्ज दोनदा हेडक्लार्कने भरला होता. पहिल्या वर्षी 'बदलीस इच्छुक नाही' या चौकटीत खूण पडली. दुसऱ्या वर्षी 'कोठून' आणि 'कोठे' या दोन्ही जागी याच कार्यालयाचा पत्ता गेला आणि तशी बदली मंजूरही झाली. सोमवारी निरोपसमारंभ झाला, मंगळवारी त्याच खुर्चीत स्वागत. दोन्ही वेळा नऊ नंबरांना भाषण करावं लागलं.

त्यांना जायचं होतं लेकीच्या गावी. नात तीन वर्षांची होती आणि आजोबा म्हणजे फोन, अशी तिची समजूत होती. फोन चार्जिंगला लावला की ती म्हणे, "आजोबा जेवताहेत." लेक हे हसत हसत सांगायची, नऊ नंबरही हसायचे, आणि फोन ठेवल्यावर त्यांना भरून यायचं. पंचावन्न ओलांडलेल्यांची बदली होत नसे. नऊ नंबर चौपन्न वर्षं आणि दहा महिन्यांचे होते.

अर्जाची फाइल त्यांनी उघडली. यंत्र म्हणालं, "चित्र. वर्णन नाही. अधोरेखा, अधोरेखा, अधोरेखा..." असं एक्केचाळीस वेळा. चित्र म्हणजे प्रत्येक कागदाच्या माथ्यावर असणारा साहेबांचा फोटो, आणि अधोरेखा म्हणजे अर्जदाराचं नाव लिहायची जागा.

"बाई, एवढंच करा," ते टायपिस्टबाईंना म्हणाले. "रेघा नका मारू, भरायची चौकट द्या. शीर्षक नुसतं जाड करू नका, शीर्षक म्हणून नोंदवा. आणि फोटोमागे एका ओळीत त्याचं वर्णन टाका. तुम्हाला पानावर दिसणार नाही, मला ऐकू येईल."

"दहा मिनिटांचं काम!" बाई म्हणाल्या.

"हळू बोला," हेडक्लार्क दचकला. "दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत केलं, तर उद्या लोक विचारतील, इतकी वर्षं काय करत होता?"

तेव्हा न दिसणाऱ्यांनाही कागद वापरता यावेत म्हणून सुगम्यता समिती नेमण्यात आली. समिती नेमल्याचं पत्र छापून, शिक्के मारून, त्याचा फोटो काढून नऊ नंबरांना पाठवण्यात आलं. यंत्र म्हणालं, "चित्र. वर्णन नाही." नऊ नंबरांनी पोच दिली.

समितीने डोळ्यांत तेल घालून काम सुरू केलं. चौकटी आणि शीर्षकं बाईंनी पहिल्याच दिवशी गुपचूप करून टाकली. प्रश्न उरला फोटोचा. बाईंनी मसुदा मांडला : 'खुर्चीत बसलेले एक गृहस्थ.'

"एक गृहस्थ?" हेडक्लार्कच्या अंगावर काटा आला. "असे गृहस्थ गल्लीबोळात बसलेले असतात. आणि खुर्चीत बसलेले कसे? खुर्ची भूषवणारे म्हणा."

मसुदा साहेबांकडे गेला. त्यांनी कपाळाचा उल्लेख नसल्याबद्दल खेद व्यक्त केला. उपप्रमुखांनी कपाळावर अर्धं पान लिहिलं. केसांबाबत मतभेद झाले, कारण ते नव्हते. शेवटी 'विचारांना मोकळी जागा' असा शब्दप्रयोग एकमताने संमत झाला. अकराव्या दिवशी वर्णन चार पानांचं झालं, आणि अर्ज सुगम्य झाल्याचं जाहीर होऊन टाळ्या वाजल्या.

नऊ नंबरांनी अर्ज उघडला. यंत्र साहेबांच्या कपाळापासून निघालं ते बावीस मिनिटं थांबलं नाही, आणि वर्णन संपल्याशिवाय ते पहिल्या चौकटीवर जाईना. अर्जाचं पान मात्र वीस मिनिटं काही भरलं नाही की आपोआप बंद होई. दरवेळी साहेबांच्या हनुवटीपाशी अर्ज मिटायचा.

"वर्णन थोडं छाटता येईल का?" नऊ नंबरांनी विचारलं.

हे साहेबांच्या कानावर गेलं. आपल्याला कोणीतरी छाटणार, या कल्पनेने ते हादरले. त्यांनी त्याच दुपारी आदेश काढला : 'चित्राचे वर्णन हा दस्तऐवजाचा अविभाज्य भाग असून ते मूळ मजकुराइतकेच बंधनकारक राहील. त्यात कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणास्तव बदल करू नये.'

अर्जाची मुदत संपली. नऊ नंबरांचा अर्ज हनुवटीपाशीच राहिला. त्या संध्याकाळी लेकीचा फोन त्यांनी घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाजणारा फोन वाजू दिला.

दुसऱ्या दिवशी बाई बदल्यांचा आदेश टाइप करत होत्या. मंजूर नावं सतरा होती. खाली साहेबांची सही होती, आणि साहेबांची सहीसुद्धा चित्रच होती, कारण साहेबांना हात दुखवून घेणं आवडत नसे.

"नऊ नंबर," बाई म्हणाल्या, "नियमाप्रमाणे सहीच्या चित्रालाही वर्णन हवं. काय लिहू?"

नऊ नंबरांनी खुर्ची बाईंच्या टेबलाकडे वळवली. मग म्हणाले, "सहीने काय मंजूर झालं, ते लिहा की."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

आदेश चार टेबलांवर फिरला. चौघांनी 'वाचले, तपासले, योग्य आहे' असा शेरा मारला. साहेबांनी मान डोलावली. आदेश निघाला, आणि नऊ नंबर ड्रॉवर आवरू लागले.

"तुम्ही कुठे निघालात?" हेडक्लार्कने आदेश तीनदा पाहिला. "यात तुमचं नाव कुठंय?"

"पाहू नका. ऐका," नऊ नंबर म्हणाले आणि त्यांनी यंत्राचा आवाज मोठा केला.

"चित्र," यंत्र म्हणालं. "साहेबांची सही. या सहीने टेलिफोन ऑपरेटर यांची त्यांच्या लेकीच्या गावी बदली मंजूर केली आहे."

साहेब धावत आले. "ही फसवणूक आहे!"

"असेल साहेब," नऊ नंबर नम्रपणे म्हणाले. "पण चार जणांनी वाचलंय, तपासलंय. आणि वर्णन बंधनकारक आहे, असा आपलाच आदेश आहे. तो रद्द केलात तर माझी बदली जाईल. आपलं कपाळही जाईल."

साहेबांचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. त्यांनी बराच विचार केला आणि कपाळ राखलं.

नऊ नंबरांचा निरोपसमारंभ झाला, यावेळी खरा. आता नात रोज त्यांच्या मिशा ओढून हा फोन नाही याची खात्री करून घेते.

टायपिस्टबाईंना बढती मिळाली. त्या आता जनतेसाठीचे अर्ज, अटी आणि संमतिपत्रं टाइप करतात. तेच ते कागद, ज्यांच्या शेवटी 'मी वरील सर्व वाचले असून मला मान्य आहे' अशी चौकट असते. गेल्या आठवड्यात तुम्हीही त्यात खूण केलीत. न वाचताच केलीत, हे बाईंना ठाऊक आहे. खालच्या साहेबांच्या सहीच्या चित्रामागे त्यांनी तुमची काय काय संमती लिहून ठेवली आहे ते तुम्हाला दिसणार नाही, आणि वाचून दाखवायला नऊ नंबर आता तिथे नाहीत.