विसाव्यावरचे तात्या

आमच्या पासली गावात सकाळी नुसतं चालायला म्हणून घराबाहेर पडणारे एकच गृहस्थ, माझे शेजारी तात्या. आणि तेही स्मशानाच्या वाटेनं.

याला कारण भोरचे डॉक्टर. तात्यांच्या छातीत स्प्रिंग बसवली, त्यानंतर कित्येक महिने ते घरात बसून होते. डॉक्टर म्हणाले, "आता चालायला लागा. एकदम नको, थोडं थोडं वाढवा. मध्ये विसावा घ्या. चालताना बोलता येईना झालं की थांबा." आमच्या गावात विसावा एकच. स्मशानाच्या वाटेवरचा दगडी ओटा, जिथं तिरडी टेकवून खांदेकरी बदलतात. तात्या निघाले तिकडं.

सुरुवातीला निम्म्यातूनच परतायचे. पुढं ओटा गाठला. बोलता येतंय का, हे बघायला वाटभर मोठमोठ्यानं शिव्या द्यायचे, खड्ड्यांना, ग्रामपंचायतीला, स्वतःच्या गुडघ्यांना. मग ओट्यावर टॉवेल पसरून बसायचे. एकदा धुक्यात तिथं बसलेले दिसले, तर दूध घालायला निघालेली सखूबाई किटली टाकून पळाली.

"अगं, जिता हाय म्या अजून!" तात्या मागून ओरडले. त्यानं ती जास्तच जोरात पळाली.

शेवटी मी त्यांना डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ समजावला.

"ठावं हाय रं. लई दिस झालं उमगून."

"मग वाट बदला की."

दुसऱ्या दिवशी बघतो तर तात्या ओट्याच्या पुढचा, नदीकाठच्या स्मशानाकडं जाणारा उतार उतरत होते आणि खांद्यावर लाकडाचा ओंडका. माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी मी त्यांच्या थोरल्या भावाकडं, दादांकडं, तक्रार घेऊन गेलो. दादा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. आईबाप लवकर गेल्यावर तात्यांना त्यांनीच वाढवलेलं. घरातली पोरं सगळी पुण्याला.

तात्या त्यांना पेज भरवत होते.

"आज कुठवर?" दादांनी विचारलं.

"पार नदीपातूर. पर वज्यानं धाप लागली, मंग टाकलं खाली."

"ब्येस केलंस."

"तुला पुढला खांदा माजाच, दादा. मधी बदलायचा न्हाई."

मी तक्रार न करताच उंबऱ्यावर बसलो.

दादांनी चालत्या हातानं भावाच्या गुडघ्यावर थोपटलं.

"घाई करू नगंस," ते म्हणाले. "म्या थांबतो."